पैसे भरण्याआधी विचारायचे प्रश्न

दवाखान्याच्या खर्चाबद्दल एक प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला जातो: "बिल भरून रुग्ण घरी आणला, आता योजनेतून पैसे परत मिळतील का?" उत्तर जवळपास प्रत्येक वेळी नाही असेच असते. महात्मा फुले जन आरोग्य योजना, धर्मादाय रुग्णालयांतील राखीव खाटा आणि मुख्यमंत्री सहायता निधी या तिन्ही सोयी रुग्ण दवाखान्यात असेपर्यंतच उपयोगी पडतात. त्यांतला पैसा रुग्णाच्या हाती येत नाही. तो दवाखान्याच्या खात्यात जातो किंवा बिलातून वजा होतो. बिल फिटल्यावर वजा करण्यासारखे काही उरत नाही.

कर्ज मात्र घाईत होते. कोल्हापूरजवळच्या गोकुळ शिरगावच्या फौंड्रीत किंवा इचलकरंजीच्या यंत्रमागावर राबणाऱ्या घरात पैसा उभा करण्याचा क्रम ठरलेला असतो. आधी भिशी उचलायची, मग सोसायटीचे कर्ज, मग गुजरीत, म्हणजे सराफ बाजारात, दागिना, आणि शेवटी टक्क्याने पैसे देणारा. हा सगळा प्रवास कधीकधी दोन दिवसांत उरकतो. महात्मा फुले योजनेसाठी नेमलेल्या आरोग्यमित्राचे टेबल त्याच इमारतीत, डिपॉझिट भरायच्या खिडकीपासून वीस पावलांवर असते, आणि तिकडे कोणी फिरकलेले नसते. म्हणून पुढची माहिती पैसे भरण्याच्या क्रमाने दिली आहे.

कोणत्या दवाखान्यात जायचे

सरकारी दवाखाना म्हणजे सगळे मोफत, हा समज अर्धाच खरा आहे. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तपासणी, उपचार आणि शस्त्रक्रिया निःशुल्क आहेत. प्राथमिक आरोग्य केंद्रे, ग्रामीण रुग्णालये, गडहिंग्लजचे उपजिल्हा रुग्णालय, इचलकरंजीचे आयजीएम, कसबा बावड्याचे सेवा रुग्णालय ही या विभागाची आहेत. कोल्हापुरातल्या दसरा चौकाजवळचे सीपीआर, म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय, राजर्षी छत्रपती शाहू महाराज शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेले असल्याने वैद्यकीय शिक्षण विभागाकडे येते. निःशुल्क उपचारांचा निर्णय सीपीआरला आपोआप लागू होत नाही. तिथे केसपेपर आणि काही तपासण्यांचे शुल्क द्यावे लागू शकते. ते खासगीच्या मानाने किरकोळ असते, पण "सरकारी आहे, पैसे का मागता" म्हणून खिडकीवर वाद घालण्यात वेळ जातो. महापालिकेच्या सावित्रीबाई फुले, पंचगंगा या रुग्णालयांचे दर पुन्हा वेगळे.

काही उपचारांसाठी थेट सरकारी यंत्रणेकडेच जाणे पैशाच्या दृष्टीने शहाणपणाचे ठरते:

- बाळंतपण आणि नवजात बाळाचे आजार. जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी दवाखान्यातील प्रसूती, सिझेरियन, औषधे, आहार आणि ने-आण मोफत असते. एक वर्षापर्यंतच्या आजारी बाळालाही हा लाभ मिळतो.
- लहान मुलांचे जन्मजात दोष. हृदयाला छिद्र, दुभंगलेले ओठ किंवा टाळू अशा दोषांसाठी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडी आणि शाळेत तपासणी करते. शस्त्रक्रियेचा पुढचा मार्ग तेच लावून देते.
- क्षयरोग. तपासणी आणि औषधे मोफत. उपचार चालू असेपर्यंत पोषणासाठी महिन्याला १,००० रुपये बँक खात्यात जमा होतात.

अत्यवस्थ रुग्णाच्या बाबतीत दवाखाना निवडण्याचा प्रश्नच नसतो. १०८ ला फोन करून जवळच्या दवाखान्यात नेणे हेच बरोबर. परमानंद कटारा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये सांगितले, की जीव वाचवण्याचे उपचार देणे हे प्रत्येक डॉक्टरचे कर्तव्य आहे, मग दवाखाना सरकारी असो की खासगी.

महात्मा फुले योजना: आता पांढऱ्या कार्डालाही

ही योजना आधी राजीव गांधी जीवनदायी नावाने २०१२ मध्ये निवडक जिल्ह्यांत आणि नोव्हेंबर २०१३ पासून कोल्हापूरसह उरलेल्या जिल्ह्यांत सुरू झाली. तेव्हा ती पिवळ्या आणि केशरी शिधापत्रिकाधारकांपुरती होती. त्या आठवणीमुळे आजही अनेक घरे "आमचे कार्ड पांढरे" म्हणून विचारतच नाहीत. १ जुलै २०२४ पासून योजना सर्व शिधापत्रिकाधारक कुटुंबांना लागू आहे. शिधापत्रिका नसेल तर अधिवास प्रमाणपत्र चालते. आयुष्मान भारत योजनेशी जोडून संरक्षण कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत आहे. ही रक्कम सगळ्या कुटुंबाची मिळून असते, माणशी नव्हे. ७० वर्षांवरील सदस्याला मात्र उत्पन्न न पाहता आयुष्मान वय वंदना कार्ड मिळते, आणि त्याचे ५ लाखांचे संरक्षण स्वतंत्र असते. घरात म्हातारी माणसे असतील तर ते कार्ड आधीच काढून ठेवावे. कर्नाटक सीमेवरच्या ८६५ गावांतील पात्र कुटुंबांनाही योजनेचा लाभ देण्याचा निर्णय राज्याने २०२३ मध्ये घेतला आहे. निपाणी, बेळगाव भागातून कोल्हापूरला रुग्ण आणणाऱ्यांनी तेवढे विचारून घ्यावे.

योजनेत खाट, तपासण्या, शस्त्रक्रिया, औषधे, जेवण आणि घरी परतण्याचा प्रवासखर्च येतो. घरी गेल्यावर काही दिवसांची औषधे आणि फेरतपासणीही पॅकेजमध्येच धरलेली असते. प्रत्यक्षात नातेवाइकांच्या हातात औषधाची चिठ्ठी देऊन "बाहेरून आणा" सांगितले जाते आणि तो खर्च अंगावर पडतो. अशी प्रत्येक चिठ्ठी आणि पावती जपून ठेवावी. तक्रार करताना तोच पुरावा असतो.

दवाखान्यात पोहोचल्यावरचा क्रम:

1. डिपॉझिट भरण्याआधी आरोग्यमित्राला भेटा. अंगीकृत, म्हणजे योजनेत सामील असलेल्या, प्रत्येक दवाखान्यात त्याची नेमणूक असते.
2. दवाखाना योजनेत आहे का, एवढेच विचारून थांबू नका. "हा आजार, या दवाखान्यात, योजनेत बसतो का?" असे विचारा. एखादा दवाखाना हृदयविकारासाठी अंगीकृत असेल आणि हाडांच्या शस्त्रक्रियेसाठी नसेल, असे होते. काही उपचार फक्त सरकारी रुग्णालयांसाठी राखीव आहेत.
3. शिधापत्रिका, रुग्णाचे आधार कार्ड आणि तपासणीचे कागद द्या. पूर्वमंजुरीची फाईल दवाखाना पाठवतो. ती रुग्णाला पाठवावी लागत नाही.
4. तातडीच्या वेळी कागद जवळ नसले तरी फोनवरून कळवून उपचार सुरू करता येतात. कागद पहिल्या दोन-तीन दिवसांत पोहोचवा.
5. नकार मिळाला तर कारण लेखी मागा आणि तिथूनच १५५३८८ किंवा १८००२३३२२०० या क्रमांकावर फोन लावा.

सर्वांत जास्त अडचण कागदातल्या नावाची होते. सुनेचे नाव अजून माहेरच्या कार्डावर असते, दोन वर्षांच्या मुलाचे कुठेच नसते, आधारवर "मारुती" आणि शिधापत्रिकेवर "मारूती बाळू". रात्री अकराला यातले काही दुरुस्त होत नाही. शिधापत्रिकेवर बारा अंकी ऑनलाइन क्रमांक पडला आहे का आणि घरातली सगळी नावे त्यावर आहेत का, हे रेशन दुकानात एका फेरीत कळते.

दुसरी अडचण सहीची. दाखल करताना पुढे सरकवलेल्या कागदांच्या गठ्ठ्यात "योजनेचा लाभ घेऊ इच्छित नाही" अशी ओळ असू शकते. पेन हातात घेऊन घाबरलेला माणूस दाखवतील तिथे सही करतो. त्या ओळीखाली सही झाली की पुढे आरोग्यमित्रालाही फारसे काही करता येत नाही. गठ्ठा वाचायला दहा मिनिटे लागतात, तेवढी मागावीत.

तिसरी अडचण "वरच्या पैशां"ची. योजनेतला स्टेंट साधा आहे, चांगला हवा तर फरक भरा, असे सुचवले जाते. मंजूर पॅकेजवर रुग्णाकडून पैसे घेण्याची योजनेत तरतूद नाही. शिवाय हृदयाच्या स्टेंटच्या आणि गुडघ्याच्या कृत्रिम सांध्याच्या किमतींवर २०१७ पासून केंद्राची कमाल मर्यादा आहे.

रस्ते अपघात हा वेगळा भाग. पुणे-बेंगळुरू महामार्गावर किंवा आणखी कुठे अपघात झाला, तर महात्मा फुले योजनेत अपघातग्रस्ताला ठरावीक उपचारांसाठी १ लाख रुपयांपर्यंत मदत आहे. केंद्राच्या मे २०२५ मध्ये लागू झालेल्या योजनेत अपघातानंतरच्या पहिल्या ७ दिवसांसाठी दीड लाख रुपयांपर्यंत रोकडरहित उपचार मिळतात. पोलिसांत नोंद व्हायलाच हवी. "नको ते लफडे" म्हणून नोंद टाळली, तर पुढचा प्रत्येक दावा अडतो.

धर्मादाय रुग्णालय: हक्काची खाट

आजार योजनेत बसत नसेल किंवा दवाखाना अंगीकृत नसेल, तर पुढचा प्रश्न विचारावा: हे रुग्णालय धर्मादाय संस्थेचे आहे का? महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ कक नुसार आणि मुंबई उच्च न्यायालयाने मान्य केलेल्या २००६ च्या योजनेनुसार अशा रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. खर्चासाठी प्रत्येक बिलाच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत बाजूला काढायची असते. म्हणजे हा पैसा रुग्णालयाच्या दयेचा नाही. तो इतर रुग्णांच्या बिलांतूनच जमा झालेला असतो.

| | निर्धन | दुर्बल घटक |
|---|---|---|
| कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न | १ लाख ८० हजारांपर्यंत | ३ लाख ६० हजारांपर्यंत |
| मिळणारा लाभ | पूर्ण मोफत | निम्म्या दरापर्यंत सवलत |
| पुरावा | तहसीलदाराचा उत्पन्न दाखला किंवा शिधापत्रिका | तहसीलदाराचा उत्पन्न दाखला किंवा शिधापत्रिका |

महिन्याला २५ हजार रुपये घरी येणारे कुटुंब, म्हणजे वर्षाला ३ लाखांचे, दुसऱ्या स्तंभात बसते. सूतगिरणीतला कामगार, हुपरीचा चांदी कारागीर, दुकानातला सेल्समन, रिक्षाचालक अशी अनेक घरे या मर्यादेत येतात आणि "आपण गरीब थोडेच" म्हणून विचारत नाहीत. दुर्बल घटकातील रुग्णाचे बिल सर्वांत खालच्या वर्गाच्या दराने धरायचे असते आणि औषधे व साहित्याची किंमत रुग्णालयाच्या खरेदीदराने लावायची असते. बिलातला मोठा फरक या दुसऱ्या अटीने पडतो, कारण सलाईनच्या नळीपासून शस्त्रक्रियेच्या पट्टीपर्यंत छापील किंमत आणि खरेदीदर यांत मोठी तफावत असते. निर्धन रुग्णाकडून डिपॉझिट मागता येत नाही.

अर्ज रुग्णालयातील वैद्यकीय समाजसेवकाकडे द्यावा आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यावी. "कोटा संपला" हे उत्तर ठरलेले असते. राखीव खाटांची स्थिती धर्मादाय आयुक्तांच्या संकेतस्थळावर रुग्णालयनिहाय दिसते. ती मोबाईलवर उघडून काउंटरवर दाखवली तर बोलण्याचा सूर बदलू शकतो. तेवढ्याने भागले नाही, तर धर्मादाय आयुक्तांच्या कोल्हापुरातील कार्यालयात लेखी तक्रार करावी. रुग्ण दाखल असतानाच केलेल्या तक्रारीचा उपयोग होतो.

नावात "ट्रस्ट" किंवा "सेवा" असले म्हणजे रुग्णालय या योजनेत येतेच असे नाही. संकेतस्थळावरची यादी हाच आधार मानावा.

मुख्यमंत्री सहायता निधी

वरच्या दोन्ही वाटा बंद झाल्यावर हा अर्ज करायचा असतो. अवयव प्रत्यारोपण, कर्करोग, हृदयविकार, मेंदूचे आजार, डायलिसिस, भाजणे, अपघात, नवजात बाळाचे आजार अशा ठरावीक आजारांसाठी मदत मिळते. रक्कम आजारानुसार ठरते आणि जास्तीत जास्त २ लाख रुपये असते. त्यामुळे सहा लाखांचे बिल यातून फिटेल, ही अपेक्षा ठेवू नये.

कागद असे: भरलेला अर्ज, उपचारखर्चाचे कोटेशन (खासगी रुग्णालयाचे असल्यास जिल्हा शल्यचिकित्सकांकडून प्रमाणित), १ लाख ६० हजारांच्या आतला तहसीलदाराचा चालू वर्षाचा उत्पन्न दाखला, आधार, शिधापत्रिका, निदानाचे अहवाल. अपघात असेल तर पोलिसांची नोंद, प्रत्यारोपण असेल तर प्रत्यारोपण समन्वय समितीकडील नोंदणी. रुग्णालय निधीच्या यादीत नोंदलेले असावे लागते. २०२५ पासून जिल्हा पातळीवर कक्ष सुरू झाले आहेत, त्यामुळे अर्ज घेऊन मुंबईला जाण्याचे कारण उरलेले नाही. "मंत्रालयात ओळख आहे" म्हणून टक्केवारी मागणाऱ्याला एक रुपयाही देऊ नये. अर्ज मोफत आहे आणि पैसे थेट रुग्णालयाच्या खात्यात जातात.

उत्पन्नाचा दाखला हा या सगळ्यातला सर्वांत संथ कागद. आपले सरकार केंद्रात अर्ज केल्यापासून तो मिळायला दोन आठवडे लागू शकतात आणि मार्चनंतर नवा काढावा लागतो. नियोजित शस्त्रक्रिया असेल तर तारीख ठरण्याआधी दाखल्याला अर्ज टाकावा.

जोडीला देवस्थानांचे निधी असतात. मुंबईचे सिद्धिविनायक मंदिर न्यास गरजू रुग्णांना २५ हजारांपर्यंत मदत करते.

नोकरी आणि नोंदणीतून मिळणारे पैसे

महिन्याला २१ हजारांपर्यंत पगार असलेल्या आणि दहा किंवा अधिक माणसांच्या आस्थापनेत काम करणाऱ्या कामगाराचा राज्य विमा असतो. पगारातून पाऊण टक्का कापला जातो आणि मालक सव्वातीन टक्के भरतो. उपचार कामगाराला आणि कुटुंबाला मिळतात, हे बहुतेकांना ठाऊक असते. विसरली जाते ती आजारपणाची भरपाई: पात्र कामगाराला वर्षात ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या ७० टक्के रक्कम मिळते. कर्करोग, पक्षाघात यांसारख्या दीर्घ आजारांत ८० टक्के दराने दोन वर्षांपर्यंत. कर्ज नेमके कमाई थांबल्यामुळे वाढते, म्हणून दवाखान्याच्या बिलाइतकेच हे महत्त्वाचे. पगारपत्रकावर कपात दिसते आणि विमा क्रमांक मिळालेला नाही, असे असेल तर राज्य विमा महामंडळाकडे तक्रार करता येते.

भविष्य निर्वाह निधीतून आजारपणासाठी अग्रिम काढता येतो. तो पैसा स्वतःचा असल्याने परत भरावा लागत नाही आणि व्याजही नसते. आधार, बँक खाते आणि नाव आधीच जुळवलेले असेल तर अर्ज मोबाईलवरून होतो. सोसायटीच्या कर्जाआधी याचा विचार करावा.

गवंडी, सेंट्रिंग, रंगकाम, फरशी करणाऱ्यांनी बांधकाम कामगार मंडळाची नोंदणी जिवंत आहे का ते पाहावे. वर्षात ९० दिवसांच्या कामाचा दाखला आणि नूतनीकरण लागते. नोंदणी चालू असेल तर गंभीर आजारासाठी १ लाख रुपयांपर्यंत आणि पहिल्या दोन बाळंतपणांसाठी नैसर्गिक प्रसूतीला १५ हजार, सिझेरियनला २० हजार रुपये मिळतात. आजार झाल्यावर नोंदणी करून हा लाभ मिळत नाही.

स्वतःचा आरोग्य विमा असणाऱ्यांना एकच इशारा, खोलीभाड्याबद्दल. पॉलिसी ३ लाखांची आणि खोलीभाड्याची मर्यादा रोज १ टक्का, म्हणजे ३,००० रुपये असेल आणि रुग्ण ६,००० च्या खोलीत राहिला, तर कंपनी फक्त भाड्यातला फरक कापत नाही. डॉक्टरांची फी, शस्त्रक्रियागृह असे खोलीशी जोडलेले खर्चही त्याच प्रमाणात, म्हणजे निम्म्याने कापले जाऊ शकतात. "जनरल नाही, सेमी-प्रायव्हेट रिकामी आहे" असे सांगितले जाते तेव्हा हा हिशेब डोक्यात हवा. दावा नाकारला तर आधी कंपनीकडे आणि ३० दिवसांत समाधान न झाल्यास पुण्याच्या विमा लोकपालाकडे तक्रार करावी. तिथे फी नाही आणि वकील लागत नाही.

बिल हातात आल्यावर

एकरकमी आकडा लिहिलेला कागद म्हणजे बिल नव्हे. बाबवार बिल मागणे हा हक्क आहे. त्यात पुढील गोष्टी तपासाव्यात:

- खोलीचे दिवस नीट मोजले आहेत का. दाखल झालेला आणि सुटीचा दिवस दोन्ही पूर्ण धरले आहेत का
- न वापरलेली, परत केलेली औषधे वजा झाली का
- एकच तपासणी दोनदा लावली आहे का
- "इतर", "किरकोळ", "साहित्य" अशा मोघम शीर्षकाखाली किती रक्कम आहे

महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी नियमांत २०२१ मध्ये झालेल्या दुरुस्तीने प्रत्येक खासगी दवाखान्याला रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी लावणे बंधनकारक झाले. बिलातले दर त्या फलकाशी ताडून पाहावेत. औषधे दवाखान्यातल्याच मेडिकलमधून घेण्याची सक्ती करता येत नाही. उपचारांचे कागद मागितल्यापासून ७२ तासांत द्यावे लागतात.

बिल थकले म्हणून रुग्णाला किंवा मृतदेहाला अडवून ठेवता येत नाही. मात्र देणे संपले असा याचा अर्थ नाही. दवाखाना दिवाणी मार्गाने वसुली करू शकतो. अशा वेळी थकबाकी हप्त्याने देण्याचा लेखी प्रस्ताव द्यावा आणि त्याची पोच घ्यावी. खात्यात पैसे नसताना पुढच्या तारखेचा धनादेश कधीही देऊ नये. साधे देणे दिवाणी असते. न वटलेला धनादेश फौजदारी खटला होतो.

तक्रार शहरात महापालिकेच्या आरोग्य विभागाकडे, शहराबाहेर जिल्हा शल्यचिकित्सकांकडे. उपचारांत कसूर किंवा अवाजवी आकारणीसाठी जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत जाता येते. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही.

कर्ज झालेच असेल तर

सगळी देणी एका कागदावर लिहावीत आणि रकमेऐवजी व्याजाच्या क्रमाने लावावीत. १ लाख रुपये महिना १० टक्क्यांनी घेतले, तर वर्षाला १ लाख २० हजार फक्त व्याजात जातात आणि मुद्दल तसेच उभे राहते. परवानाधारक सावकाराला बिगरशेतकऱ्याकडून विनातारण कर्जावर वर्षाला १८ टक्के, म्हणजे त्याच लाखावर १८ हजारच घेता येतात. तारणावर १५ टक्के. शेतकऱ्यासाठी हे दर अनुक्रमे १२ आणि ९ टक्के आहेत. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ नुसार चक्रवाढ व्याज चालत नाही आणि व्याजाची एकूण वसुली मुद्दलापेक्षा जास्त होऊ शकत नाही. परवान्याशिवाय सावकारी केल्यास ५ वर्षांपर्यंत कैद आहे. कर्जापोटी लिहून घेतलेली जमीन ठरावीक मुदतीत परत मिळवण्याचीही तरतूद आहे.

तक्रार तालुक्याच्या सहायक निबंधकाकडे किंवा जिल्हा उपनिबंधकाकडे करायची. सावकारीत लिहिलेला कागद सहसा नसतो. म्हणून फोनवर पाठवलेल्या रकमा, बँकेच्या नोंदी, कोरे धनादेश दिले असल्यास त्यांचे क्रमांक, मागणीचे संदेश हे सगळे जमवावे. धमकी असेल तर आधी पोलीस ठाणे. कर्जदारानेही परवानाधारकाकडून घेतलेले मुद्दल बुडवण्याचा विचार करू नये. कायदा व्याजाला आळा घालतो, मुद्दल माफ करत नाही.

बायकांच्या गटांवरच्या मायक्रोफायनान्स कर्जांना २०२२ पासून रिझर्व्ह बँकेचे वेगळे नियम आहेत. वार्षिक ३ लाखांपर्यंत उत्पन्नाच्या घराला दिलेल्या अशा कर्जाला तारण घेता येत नाही. घराचे सगळे हप्ते मिळून मासिक उत्पन्नाच्या निम्म्यापेक्षा जास्त होता कामा नयेत. मुदतीआधी कर्ज फेडल्यास दंड नाही. वसुलीसाठी सकाळी ९ च्या आत आणि संध्याकाळी ६ नंतर येता किंवा फोन करता येत नाही. गटातल्या इतर बायकांसमोर अपमान करणे, रात्री दारात बसून राहणे हे नियमभंगच आहेत. कंपनीने ३० दिवसांत दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. चौकशीचा क्रमांक १४४४८. पतसंस्था मात्र लोकपालाच्या कक्षेत नाही. तिची तक्रार सहकार खात्याच्या उपनिबंधकाकडेच.

एक कर्ज फेडायला दुसरे काढताना व्याज खरोखर कमी होत असेल तरच काढावे. सावकाराचे देणे बँकेच्या किंवा पतसंस्थेच्या सोनेतारण कर्जाने फेडणे हे असे एक उदाहरण. दागिना घरात ठेवून महिन्याला १० टक्के भरणे कोणत्याच हिशेबात बसत नाही, मग तो दागिना आईचा का असेना.

दर महिन्याचा खर्च

मोठे बिल एकदा येते. रक्तदाब आणि साखरेच्या गोळ्या दर महिन्याला लागतात. या दोन्ही आजारांची नेहमीची औषधे प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत मिळतात. जी मिळत नाहीत ती जनऔषधी केंद्रात नामांकित कंपनीच्या गोळीच्या निम्म्या किमतीत किंवा त्याहूनही स्वस्त मिळतात. त्यासाठी डॉक्टरांना औषधाचे मूळ नाव चिठ्ठीवर लिहायला सांगावे. ब्रँडचे नाव दाखवले की दुकानात "हे आमच्याकडे नाही" असे उत्तर येऊ शकते.

कमावता माणूस कर्करोग, पक्षाघात किंवा तशा दुर्धर आजाराने अंथरुणाला खिळला आणि कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१ हजारांच्या आत असेल, तर संजय गांधी निराधार अनुदान योजनेतून महिन्याला १,५०० रुपये मिळतात. अर्ज तहसील कार्यालयात. उत्पन्नाची ही मर्यादा फार जुनी आणि तुटपुंजी आहे, पण कमाई पूर्ण थांबल्यावर नवा उत्पन्न दाखला काढला तर काही घरे तिच्यात बसतात. दाखल्यासाठी तलाठ्याकडे जबाब देताना आजारामुळे काम कधीपासून बंद आहे ती तारीख सांगावी आणि दवाखान्याचा कागद सोबत न्यावा.